डंडीने अलीला नेमकं शिकवलं काय?

प्रश्न असा आलाय की मायामीच्या फिफ्थ स्ट्रीट जिमचं एवढं नाव का, आणि तिथला ट्रेनर अँजेलो डंडी याने मोहम्मद अलीला खरंच काही शिकवलं का, की तयार माल हातात आला आणि हा नुसता कोपऱ्यात बादली धरून उभा राहिला. विचारणारा पोरगा दीड वर्ष बॉक्सिंग करतोय आणि खाली हळूच जोडलंय की माझा गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, खाली येतो म्हणून सर रोज ओरडतात, पण अलीचे हात पण खालीच असायचे ना. वाचून हसलो. अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवतोय, एकही बॅच अशी गेली नाही जिच्यात हा प्रश्न कोणी विचारला नाही.

बादलीपासूनच सुरू करतो, कारण डंडीने खरोखर बादलीच धरली होती. न्यूयॉर्कमध्ये एट्थ अव्हेन्यूवर स्टिलमन्स जिम म्हणून होती, १९३० आणि ४० च्या काळात जगात बॉक्सिंग म्हटलं की तीच. मालक लू स्टिलमन, त्याचं खरं आडनाव इंगबर, आधी पोलिसात होता. समोर चॅम्पियन असो की काल आलेला पोरगा, सगळ्यांना सारख्याच शिव्या. खिडक्या म्हणे कधी उघडायच्या नाहीत, जमीन कधी धुवायची नाही, सिगारच्या धुरात दोन रिंग शेजारी शेजारी आणि लोक तिकीट काढून नुसती प्रॅक्टिस बघायला यायचे. रे आर्सेल, व्हायटी बिमस्टीन, फ्रेडी ब्राउन, चार्ली गोल्डमन ही सगळी मोठी ट्रेनर मंडळी एकाच वेळी त्या एका हॉलमध्ये. अँजेलो डंडी तिथे आला १९४८ साली. मूळ आडनाव मिरेना, आईवडील इटलीतून आलेले. थोरला भाऊ जो डंडी या नावाने रिंगमध्ये उतरला, पुढे ख्रिस आणि अँजेलो यांनीही तेच आडनाव लावलं. ख्रिसचा धंदा मॅनेजर-प्रमोटरचा. तर हा धाकटा भावाच्या ऑफिसात पडेल ते काम करायचा आणि दिवसभर स्टिलमन्समध्ये या म्हाताऱ्यांच्या मागे बादली, स्पंज, टॉवेल घेऊन फिरायचा. हाताला बँडेज कसं बांधायचं, चेहऱ्यावरचा कट कसा थांबवायचा, कधी गप्प बसायचं, सगळं तिथे नुसतं बघून बघून शिकला. आपल्याकडे तालमीत पोरगा आधी हौद्याची माती उकरतो, वस्तादांचे पाय चेपतो आणि मग डावाचं काय ते बोलणं होतं, तसंच समज.

यातला गोल्डमन नीट लक्षात ठेव, कारण माझ्या मते फिफ्थ स्ट्रीटची मुळं त्याच्यात आहेत. बुटका म्हातारा, डोक्यावर कायम गोल हॅट, स्वतः शेकडो फाइट मारलेल्या. त्याच्याकडे रॉकी मार्सियानो आला तेव्हा सगळा उलटाच कारभार होता. हेवीवेटच्या मानाने उंची कमी, हात आखूड, पाय एकमेकांपासून लांब फेकलेले, बॅलन्सच्या नावाने बोंब. दुसरा कोणी असता तर त्याला सरळ उभं करून सुंदर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, मारायला शिकवलं असतं, आणि तो सुंदर जॅब मारत हरला असता. गोल्डमनने बघितलं की ह्याचा उजवा हात म्हणजे हातोडा आहे, त्या हाताला हातच लावायचा नाही. बुटका आहे ना, मग आणखी बुटका कर, आणखी खाली वाक, समोरच्याला मारायला काही सापडूच देऊ नकोस. पाय जवळ यावेत म्हणून त्याचे पाय दोरीने बांधून सराव करून घेतला असं सांगतात. मार्सियानो ४९ फाइट लढला आणि ४९ जिंकला, आणि शेवटपर्यंत दिसायला बेंगरूळच दिसला.

हे बघून डंडी १९५० च्या दशकात मायामी बीचला आला. ख्रिसने तिथे फिफ्थ स्ट्रीट आणि वॉशिंग्टन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर वरच्या मजल्यावर जिम काढली होती, खाली औषधांचं दुकान. जिना चढून गेलं की एक रिंग, बॅगा, वाळवी लागलेलं लाकूड, जमिनीला जिथे भोकं पडली तिथे प्लायवूड ठोकलेलं, आणि मायामीचा तो उकाडा. जिन्याच्या तोंडाशी सली नावाचा एक म्हातारा बसायचा, बघायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स आले होते तिथे क्लेबरोबर फोटो काढायला, कॅशियस क्ले म्हणजे आपला अलीच, तेव्हा त्याचं नाव ते होतं. रिंगमध्ये चौघं एका ओळीत, वर क्लेची मूठ, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. आज आपल्याकडे ज्या चकचकीत जिम निघतात त्यांच्या चेंजिंग रूमवरचा खर्च त्या अख्ख्या जागेच्या किमतीपेक्षा जास्त असेल.

मग होतं काय तिथे? माणसं. आणि हे मी भावनिक होऊन म्हणत नाहीये, धंद्याचं गणित म्हणून सांगतोय. बॉक्सर पॅड मारून तयार होत नाही, बॅग मारून तर अजिबात नाही, तो तयार होतो स्पारिंगमध्ये, म्हणजे समोर खरा जोडीदार घेऊन लढण्याच्या सरावात, आणि स्पारिंगला रोज वेगळी डोकी लागतात. मायामीपासून क्युबा हाकेच्या अंतरावर. कॅस्ट्रोने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोफेशनल बॉक्सिंगच बंद केलं आणि तिथले चांगले चांगले लढवय्ये देश सोडून डंडीकडे आले. लुइस रॉड्रिगेझ, शुगर रामोस, फ्लोरेंटिनो फर्नांडेझ. न्यू ऑर्लिन्सहून विली पास्त्रानो आणि राल्फ दुपास आले होते. नुसतं १९६३ साल घे. त्या एका वर्षात रॉड्रिगेझ वेल्टरवेट चॅम्पियन, रामोस फेदरवेट, दुपास लाइट मिडलवेट, पास्त्रानो लाइट हेवीवेट. एका माणसाच्या हाताखाली चार वर्ल्ड चॅम्पियन, आणि क्ले अजून व्हायचाच होता! पोराने खिडकीजवळ दोरीउड्या मारता मारता समोर रॉड्रिगेझ शॅडो करताना, म्हणजे एकट्याने हवेत पंच मारताना, बघायचा, आणि रॉड्रिगेझचे पाय काय होते ते जुने व्हिडिओ शोधून बघ एकदा, मग अलीची चाल कुठून कुठून आली असेल याचा अंदाज येईल. कोच दहा दिवस घसा फोडून जे सांगतो ते पोरगं शेजारच्याकडून एका संध्याकाळी चोरतं. मी माझ्या क्लबात म्हणूनच वजनाप्रमाणे वेगळ्या बॅच कधी केल्या नाहीत, आईबाप येऊन तक्रार करतात की आमच्या बारीक पोराला त्या दांडग्या पोरांबरोबर का ठेवता. अहो स्पारिंग नाही करत तो त्यांच्याशी, पण बघतो तर.

आता क्ले. १९५७ साली पास्त्रानोची फाइट लुइव्हिलला होती तेव्हा या पंधरा वर्षांच्या पोराने हॉटेलच्या लॉबीतून वर रूमला फोन लावला, मी कॅशियस क्ले, मी अमुक जिंकणार आणि तमुक जिंकणार, मला तुम्हाला भेटायचंय. वर आला आणि प्रश्न विचारत कितीतरी वेळ बसला, किती धावता, काय खाता, बॅग किती राउंड. दोन वर्षांनी परत लुइव्हिलला गाठ पडली तर पास्त्रानोशी स्पारिंगला उभा राहिला, आणि डंडीनेच ते थांबवलं कारण प्रोफेशनल बॉक्सरची लाज जायची वेळ आली होती. मग १९६० चं रोमचं गोल्ड, पहिली प्रो फाइट, मध्येच काही दिवस आर्ची मूरच्या कँपला. मूर स्वतः केवढा मोठा चॅम्पियन, पण तिथे पोरांना झाडलोट करावी लागायची आणि मूर त्याला आपल्या पद्धतीने लढायला लावत होता. पटलं नाही, आला निघून. डिसेंबर १९६० मध्ये फिफ्थ स्ट्रीटला.

तिथे म्हाताऱ्या जाणकारांनी बघितलं तर याचं सगळंच चुकीचं. हात कमरेपाशी. पंच आला की डोकं बाजूला किंवा खाली न नेता सरळ मागे ओढतो, ही तर पहिल्या महिन्यात घालवायची सवय. पोटात मारतच नाही. पुस्तकाप्रमाणे बघितलं तर नापास. आणि डंडीने काय केलं? काही नाही! म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं काही नाही. त्याने बघितलं की सहा फूट तीन इंचाचा हा पोरगा मिडलवेटच्या पायांनी हलतोय, समोरच्याचा पंच जिथे संपतो त्याच्या दोन बोटं पलीकडे याची हनुवटी असते. हात वर नाहीत, पण अंतर हाच त्याचा गार्ड आहे. ते मोडलं तर हातात चांगला गार्ड असलेला एक साधा हेवीवेट उरेल.

पण सुधारणा तर करायच्याच होत्या, मग पद्धत काढली. पोरगा सरळ सांगितलेलं ऐकणारा नव्हता, कोणी चूक काढली की फुगायचा. म्हणून डंडी राउंड संपला की म्हणायचा, काय अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा पंच, काढलास रे आज, वा. क्लेने अपरकट मारलेलाच नसायचा. दुसऱ्या दिवशी बघावं तर अपरकट मारतोय. जॅब मारताना डावा गुडघा किती मस्त वाकवतोस म्हणायचं, गुडघा वाकलेलाच नसायचा, तिसऱ्या दिवशी वाकायला लागायचा. डंडीने हे स्वतः खूपदा सांगितलंय. पोराला वाटायचं सगळं माझंच आहे, आणि याला क्रेडिट नको होतं. करून बघितलंय मी हे, सांगतो, ऐकायला सोपं वाटतं पण तोंडातून चूक बाहेर न पडू देणं हे कोचला बाउट लढण्याइतकं जड जातं. माझ्याच्याने महिनाभरसुद्धा झालं नाही.

आणखी एक माणूस ज्याचं नाव कोणी घेत नाही, लुइस सारिया. क्युबन, इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतं. अलीचा मालिशवाला म्हणून लोक सांगतात पण मालिश तर होतीच, शिवाय पोटाचे, कमरेचे, पाठीचे सगळे व्यायाम तो करून घ्यायचा, तासन्तास, मोजत, एक शब्द न बोलता. पुढे अलीने फोरमन, फ्रेझरसारख्या दांडग्या हेवीवेटांचे पोटातले पंच पचवले, त्या पोटाखाली सारियाच्या बोटांचं काम आहे. अलीच्या आजूबाजूला बोलणाऱ्यांची कमी नव्हती, बुंदिनी ब्राउन ओरडतोय, डॉक्टर पाचेको गोष्टी सांगतोय, अली स्वतः तर काय विचारूच नको. त्यात हा एक मुका माणूस शेवटच्या फाइटपर्यंत टिकला.

जाता जाता एक, कारण जिमच्या आठवणी सांगताना लोक हे गाळतात. तो मायामी बीच म्हणजे गोऱ्यांचा भाग. ऑलिंपिक गोल्ड घेऊन आलेला पोरगा तिथल्या हॉटेलात राहू शकत नव्हता, पलीकडे ओव्हरटाउनमध्ये काळ्यांच्या वस्तीत राहायचा आणि खाडीवरचा मोठा पूल धावत ओलांडून जिमला यायचा. एकदा पोलिसांनी अडवलं, काळा पोरगा पुलावरून पळतोय म्हणजे काहीतरी करून पळतोय. डंडीला फोन गेला तेव्हा सुटला.

आता कॉर्नर, म्हणजे दोन राउंडांच्या मधल्या एका मिनिटात बॉक्सर कोपऱ्यात येऊन बसतो ते. इथे डंडीला कोणी नशीबवान म्हणू नये, कारण मी शेकडो बाउटला सेकंड, म्हणजे कोपऱ्यातला मदतनीस, म्हणून उभा राहिलोय आणि ते एक मिनिट काय असतं मला माहितीये. स्टूल टाकेपर्यंत, तोंडातला गमशील्ड काढेपर्यंत पहिली दहा सेकंदं जातात, शेवटची दहा परत उठवण्यात, उरली चाळीस. त्यात श्वास बसू द्यायचा, कट असेल तर दाबायचा, आणि एक, फक्त एकच गोष्ट सांगायची. नवीन कोच पाच गोष्टी सांगतो, पोरगा एकही घेऊन जात नाही. २५ फेब्रुवारी १९६४, समोर त्या वेळचा हेवीवेट चॅम्पियन सनी लिस्टन. सगळे म्हणतात क्ले मरणार, सट्टा सातास एक. चौथा राउंड संपला आणि क्ले कोपऱ्यात येऊन ओरडतोय डोळे जळतायत, दिसत नाही, ग्लव्हज कापा, मी लढत नाही. लिस्टनच्या कटवर किंवा खांद्याला लावलेलं काहीतरी डोळ्यात गेलं होतं. डंडीने स्पंजने डोळे धुतले, स्पंज टॉवेल फेकून दिले, आणि पळ, नुसता पळ असं सांगून त्याला रिंगमध्ये ढकललं. अर्धआंधळ्या क्लेने पाचवा राउंड नुसता पळून काढला, सहाव्यात डोळे साफ, आणि सातव्याला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. त्या चाळीस सेकंदांत डंडी गोंधळला असता तर अली हे नाव कदाचित आपण ऐकलंही नसतं.

त्याआधी जून १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने क्लेला लेफ्ट हुकने, म्हणजे बाजूने येणाऱ्या डाव्या हाताच्या पंचने, पाडला होता, चौथा राउंड अगदी संपता संपता. ग्लव्हची शिवण थोडी उसवलेली होती, क्लेला सावरायला वेळ मिळावा म्हणून डंडीने बोट घालून आणखी फाडली आणि रेफरीला दाखवली. लोक सांगतात त्याने पाच-पाच मिनिटं मिळाली, ते काही खरं नाही, मिळाली ती काही सेकंदंच. पण मला आवडतं ते हे की त्याला ती उसवलेली शिवण आधीपासून दिसली होती, आणि राखून ठेवली होती.

आणि पास्त्रानोसारख्याशी वेगळं. तो स्वभावाने आळशी, गोड माणूस. १९६४ ला मँचेस्टरमध्ये टेरी डाउन्ससमोर ढेपाळलेला, तर डंडीने कोपऱ्यात त्याच्या ढुंगणावर चापट मारली, पोराला राग आला, तो राग डाउन्सवर निघाला आणि अकराव्यात फाइट संपवली. शुगर रे लेनर्डला १९८१ मध्ये हर्न्सविरुद्ध तोंडावर सांगितलं की हातातून घालवतोयस पोरा, लेनर्डने चौदाव्यात थांबवला. म्हणजे एकाला खोटी स्तुती, एकाला चापट, एकाला खरं तोंडावर. या सगळ्यांना एकाच फटक्यात काय म्हणायचं, तर माणूस ओळखणं. आणि चुकायचा पण हां. किन्शासाला १९७४ मध्ये अली दोरांना टेकून फोरमनचे पंच खात होता तेव्हा डंडी पूर्ण वेळ बोंबलत होता की दोरांवरून बाहेर ये. अलीने ऐकलं नाही, आणि अली बरोबर होता. पुढे गंमत बघ, १९९४ ला पंचेचाळिसाव्या वर्षी तोच फोरमन त्या वेळचा चॅम्पियन मूरर याला पाडून पुन्हा चॅम्पियन झाला तेव्हा त्याच्या कॉर्नरला डंडी होता.

आता माझं सांगतो, मला हे कळायला एक पोरगा घालवावा लागला. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेरा वर्षांचा, चाळीतला, उजवा पाय पुढे टाकून उभा राहायचा, म्हणजे जन्मजात साउथपॉ, डावखुरा बॉक्सर. डाव्या हाताचा सरळ पंच असा यायचा की पॅड धरणाऱ्याचं मनगट दुखावं. मी तेव्हा नवीन, डोक्यात पुस्तक. माझ्या सगळ्या बॅचला जे शिकवतोय तेच याला शिकवता यावं म्हणून मी त्याला फिरवला, डावा पाय पुढे. माझी सोय, बाकी काही नाही. सहा महिन्यांत पोरगा दिसायला छान झाला, गार्ड वर, हनुवटी खाली, सगळं. जिल्ह्याला दुसऱ्या बाउटमध्ये हरला, पुढच्या वर्षी पहिल्याच, त्यानंतर यायचा बंद झाला. मला ज्यांनी शिकवलं ते सर मिलिटरीतून रिटायर झालेले, ते तेव्हा ग्राउंडवर येऊन बसायचे, बोलायचे फार कमी. त्यांनी एवढंच विचारलं, तो डावखुरा कुठे गेला? डावखुरा म्हणाले. त्या दोन वर्षांत मी त्यांच्यासमोर त्याला उजव्यासारखा लढवत होतो आणि ते बघत होते. त्यांच्या घरी भिंतीवर मासिकातून कापलेला डंडीचा फोटो होता, अलीच्या कानाशी काहीतरी सांगताना. मला वाटायचं अलीचा फोटो म्हणून लावलाय.

जिमचं पुढे काय झालं तर १९९३ ला इमारत पाडली. २०१० मध्ये त्याच नावाने जवळच नवीन काढली, डंडी होता तेव्हा, २०१२ ला नव्वदाव्या वर्षी गेला. नवीन जिम चांगली असेल, मला त्यात फार रस नाही.

तर तुझ्या गार्डचं. अलीचे हात खाली असायचे हे बरोबर, पण त्याचं बिल त्याने भरलंय. १९६२ ला सनी बँक्सने पाडला, लेफ्ट हुक. १९६३ ला कूपरने पाडला, लेफ्ट हुक. मधली साडेतीन वर्षं बंदीत गेली, पाय जड झाले, आणि १९७१ ला फ्रेझरने पंधराव्या राउंडला पाडला, परत लेफ्ट हुक. उजवा हात गालापाशी नसला की तिथेच दार उघडं राहतं, आणि पाय होते तोवर कोणाला त्या दारापर्यंत पोचता येत नव्हतं एवढंच. त्यामुळे सर ओरडतात ते बरोबर की चूक हे मला तुझे हात बघून सांगता येणार नाही. स्पारिंगचा दोन-तीन राउंडचा व्हिडिओ काढ, मोबाइल लांब ठेव, कमरेखालचं सगळं दिसलं पाहिजे. पंच मारून झाल्यावर तुझा मागचा पाय कुठे राहतो ते बघू, मग बोलू. आणि तोपर्यंत उजवा हात वर.